आधी अंतर, मग भिंग

सकाळी 7

वसमतहून झिरो फाट्याला आलं की परभणी-हिंगोली रस्ता लागतो आणि त्याच रस्त्यावर हट्टा. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांनी या पट्ट्यात ऊस आणला, केळी आणली आणि हळद आणली. जानेवारीत हळदीचा पाला पिवळा पडून वाळायला लागलेला असतो. थोड्याच दिवसांत तो कापतील, मग काढणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण माझ्या कामाशी तिचा संबंध त्याहून जवळचा आहे. काढणी सुरू झाली की घरातलं कोणीही दवाखान्यात यायला मोकळं नसतं. आणि ऑपरेशन झालेला डोळा घेऊन हळदीच्या धुरळ्यात आणि चुलवणाच्या धुरात बसणं बरं नाही.

थंडीत ऑपरेशन करावं, उन्हाळ्यात डोळा चिघळतो, असं इथं घरोघर मानतात. आजच्या शस्त्रक्रियेत ऋतूमुळे काही बिघडत नाही. तरी मी या समजुतीशी भांडत नाही, कारण तिच्यामुळे माणसं हळदीच्या आधी येतात.

मी नेत्र चिकित्सा अधिकारी. शस्त्रक्रिया करतात ते नेत्रशल्यचिकित्सक. माझं काम त्याच्या आधीचं: नजर मोजायची, मोतीबिंदू ओळखायचा, काचबिंदू आणि पडद्याचे आजार वेगळे काढायचे आणि ज्याचं ऑपरेशन ठरतं त्याला डोळ्यात काय बसणार आहे ते समजावून सांगायचं. हे शेवटचं काम कागदावर एका ओळीचं आहे. माझा निम्मा दिवस त्यात जातो, आणि तो तसा जायलाच हवा.

सकाळी 8.30

हट्ट्याच्या आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात सहा मीटर मोजून तक्ता टांगला. एका बाजूला अक्षरांचा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी ‘ई’चा, वर-खाली-डावी-उजवीकडे तोंड केलेला. वाचता न येणारी माणसं हाताच्या बोटांनी दिशा दाखवतात. आशाताईंनी घरोघर फिरून आणलेली माणसं बाकावर बसली आहेत. कोणाला साखर, कोणाला बीपी, बहुतेकांना दोन्ही.

पूर्वी शाळेच्या खोल्यांत शिबिरं भरायची आणि तिथंच ऑपरेशनंही व्हायची. आता गावात फक्त तपासणी होते. शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातच, कारण एका शिबिरातला जंतुसंसर्ग एकाच दिवशी कित्येक डोळे घेऊन जाऊ शकतो. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात शस्त्रक्रिया आणि भिंग दोन्ही मोफत मिळतं. हा कार्यक्रम 1976 पासूनचा आहे. तरी 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं 66.2 टक्के कारण मोतीबिंदूच निघालं. म्हणजे इलाज आहे, फुकट आहे, आणि तरीही माणसं आंधळी बसून आहेत.

माझ्या तपासणीच्या कागदावर नाव, वय, नजर, डोळ्याचा दाब, साखर असे रकाने आहेत. त्याखाली मी हातानं एक प्रश्न लिहितो: दिवसातला जास्त वेळ नजर किती लांबवर असते?

सकाळी 9.15

पहिल्या आजी आल्या त्याच हसत. नातवानं जबरदस्तीनं आणलंय म्हणाल्या.

“मला बिनचष्म्याचं दिसायलंय की! सुईत दोरा ओवते मी. चष्मा सुटला माझा.”

टॉर्च मारली. बाहुलीच्या मागं पिवळसर तपकिरी गाभा. लांबचा तक्ता वरच्या दोन ओळींपुढं जाईना. हा मोतीबिंदूचाच एक प्रकार: डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाचा मधला भाग कडक आणि दाट होत जातो, त्याची प्रकाश वाकवण्याची ताकद वाढते आणि डोळा लघुदृष्टीचा बनतो. जवळचं अचानक स्पष्ट दिसतं. घरात आनंद होतो, म्हातारपणी नजर परत आली म्हणून. काही महिन्यांनी तेही धूसर होतं.

या आजींना आत्ताच एक गोष्ट सांगून ठेवावी लागते. ऑपरेशननंतर बांधावरचा माणूस ओळखू येईल, पण सुईत दोरा ओवायला चष्मा लागेल. हे आधी सांगितलं नाही तर महिन्याभरानं आजी सगळ्या गल्लीला सांगतील की डोळा बिघडवला, पहिल्यांदा सुई दिसायची ती पण गेली. आणि त्यांच्या बाजूनं ते खरंच असेल.

आजींनी थोडा विचार केला. “सुई नातसून ओवंल. मला रस्ता दिसू द्या.”

कागदावर लिहिलं: लांबचं.

सकाळी 10

बाकावर एक बाई बसल्या आहेत, साठीच्या पुढच्या. घरची हळद आहे आणि मजुरीलाही जातात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त. मी विचारलं, हळदीच्या दिवसांत काय काम करता? त्यांनी हातानंच दाखवलं: मांडी घालून ढिगापुढं बसायचं, जेठे गड्डे वेगळे, बगल गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. मुळ्या आणि माती झाडायची. नजर सगळा दिवस हाताच्या अंतरावर, म्हणजे दोन-सव्वादोन फुटांवर.

माझ्या डबीत नमुन्याची दोन भिंगं असतात. ती मी बाईंच्या तळहातावर ठेवली. मधला गोल भाग तुरीच्या डाळीएवढा, साधारण सहा मिलिमीटरचा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी वाकडे बारीक हात. या हातांनी ते डोळ्यातल्या भिंगाच्या मूळच्या पिशवीत अडकून बसतं. पिशवी आपली स्वतःचीच, आतला गढूळ झालेला भाग काढून टाकलेला. एक भिंग कडक, एक मऊ. मऊ भिंग दुमडून नळीतून आत जातं आणि आत गेल्यावर उलगडतं, म्हणून दोन-अडीच मिलिमीटरची फट पुरते. कडक भिंगाला साडेपाच-सहा मिलिमीटरची लागते. दोन्ही ऑपरेशनं बिनटाक्याची होऊ शकतात. लहान फटीचा डोळा लवकर स्थिरावतो आणि तिरप्या नंबराचा त्रास कमी राहतो, हा मऊ भिंगाचा खरा फायदा. लोक लहान फटीच्या ऑपरेशनला लेझरचं म्हणतात. प्रत्यक्षात त्यात ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात. 1967 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ही रीत सुरू केली.

पण बाईंसाठी मऊ की कडक हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न अंतराचा. साधं भिंग एकाच अंतरावर नेमकं दाखवतं. आपलं तरुणपणीचं भिंग जवळ-लांब पाहताना आकार बदलतं, बसवलेलं भिंग बदलत नाही. त्यामुळे ‘पूर्ण दिसेल’ असं कोणी म्हणालं तर विचारायला हवं, कुठलं पूर्ण? बहुतेकांना लांबचं स्पष्ट करून देतात आणि वाचायला जवळचा चष्मा देतात. वाचणाऱ्याला ते सोयीचं आहे. ढिगापुढं दिवसभर वाकून बसणाऱ्या, घामानं चष्मा घसरणाऱ्या बाईला ते तितकं सोयीचं नाही.

तिच्यासाठी एक जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. एका डोळ्याचा नंबर लांबचा ठेवायचा आणि दुसऱ्याचा थोडा जवळचा, साधारण सव्वा ते दीड मायनस. मेंदू दोन्ही चित्रं जुळवून घेतो. सगळ्यांना हे मानवत नाही. काहींना दोन डोळ्यांतला फरक सतत जाणवतो, म्हणून आधी तपासणीच्या चौकटीत तसा नंबर घालून अर्धा तास हिंडवून बघावं लागतं. यासाठी महागडं भिंग लागत नाही. साधंच भिंग, नंबर विचार करून निवडलेलं. ज्यात जास्त पैसे नाहीत त्या उपायाची जाहिरात कोणी करत नाही, एवढंच.

बाईंना चौकट घालून आवारात सोडलं. परत आल्या त्या हातात कडुलिंबाची काडी घेऊन. “हे दिसायलंय. अन् ते फाटकातलं माणूस बी दिसायलंय.” पहिला उजवा डोळा लांबचा करायचा, मग त्यांचा अनुभव विचारून डाव्याचं ठरवायचं.

सकाळी 11.30

एक आजोबा बायकोला घेऊन आले. डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा, त्यामागं डोळे मोठे मोठे दिसतात. त्यांचं ऑपरेशन जुन्या शिबिरातलं. मोतीबिंदू पिशवीसकट काढला, आत काहीच बसवलं नाही आणि अधिक दहाच्या आसपासचा चष्मा दिला. त्या चष्म्यातून जग पाव-एक पट मोठं दिसतं, बाजूचं दिसतच नाही, दाराची चौकट वाकडी वाटते. चष्मा फुटला की माणूस पुन्हा चाचपडायला लागला. मराठवाड्यात अशा चष्म्यांची एक सबंध पिढी होऊन गेली. आज असे आजोबा क्वचित भेटतात, म्हणून मी बाकावरच्या सगळ्यांना त्यांच्याशी बोलायला सांगतो. भिंग नसलेला डोळा म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार?

डोळ्यात भिंग ठेवण्याची कल्पना हॅरोल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरची. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे गेले. त्या काचा म्हणजे खरं तर पारदर्शक प्लास्टिक होतं. रिडलींच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळ्यात राहिले तरी डोळा त्यांच्यावर उठत नाही. त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करवून त्यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात एका बाईच्या डोळ्यात बसवलं. तिथल्या बड्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढलं. पुढं कित्येक वर्षं हा माणूस आपल्याच व्यवसायात एकटा पडला होता. त्यांना ‘सर’ किताब मिळाला तो 2000 मध्ये, तेव्हा ते नव्वदीच्या पुढं होते.

आपल्याकडे हे भिंग गरिबापर्यंत यायला आणखी वेळ गेला, आणि अडचण होती किमतीची. परदेशी भिंग घेऊन शिबिरं चालवणं कोणालाच परवडणारं नव्हतं. मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. त्याच संस्थेनं 1992 मध्ये ऑरोलॅब काढून भिंगं मदुराईतच बनवायला घेतली आणि भिंगाची किंमत परदेशी भिंगाच्या काही अंशावर आली. 1994 ते 2002 या काळात जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला. त्यात महाराष्ट्र होता. डॉक्टरांना नवीन पद्धत शिकवली गेली, सूक्ष्मदर्शकं आली आणि जाड चष्म्याचं ऑपरेशन मागं पडलं. आपल्या मराठवाड्याचे, लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इथल्या बाकावर अजून कोणीतरी विचारतंच, “लहाने साहेबांकडं जावं लागंल का?” जावं लागत नाही. तेच भिंग आणि तीच रीत आता जवळच्या रुग्णालयात आहे.

आजोबांच्या डोळ्यातही आता भिंग बसवता येईल का, हे पडदा आणि बुबुळ तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पिशवीच उरलेली नसल्यानं भिंग वेगळ्या रीतीनं अडकवावं लागतं आणि ते काम मोठ्या रुग्णालयाचं. तशी चिठ्ठी दिली. आजोबांनी ती बायकोच्या पिशवीत ठेवायला लावली. “आधी हिचं होऊ द्या. मला सवय हाय.”

दुपारी 12.45

निवृत्त शिक्षक. रोज पहाटे ज्ञानेश्वरीच्या ओव्या वाचतात, बिनचष्म्यानं, पोथी नाकाजवळ धरून. लहानपणापासून मायनस तीनचा नंबर आहे.

अशा माणसाच्या बाबतीत घाई केली तर फार नुकसान होतं. लघुदृष्टीच्या माणसाला जवळचं उघड्या डोळ्यांनी दिसतं आणि ती त्याची जन्माची सवय असते. ऑपरेशन करताना नेहमीप्रमाणे लांबचा नंबर शून्यावर आणला, तर त्याला पन्नास वर्षांत पहिल्यांदा बिनचष्म्याचा आकाशकंदील स्पष्ट दिसेल आणि पोथी हातातून जाईल. म्हणून मी सरांना विचारलं, चष्मा कशासाठी लावायला आवडेल, वाचायला की बाहेर जायला?

सर गप्प राहिले. असं कोणी विचारेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मग म्हणाले, “बाहेर जाताना चष्मा मी लावतोच, त्याचं काही नाही. वाचताना मात्र नको.”

मग त्यांच्या डोळ्याला मुद्दाम अडीच मायनसच्या आसपास ठेवायचं. भिंग तेच, नंबर वेगळा. सरांची बायको शेजारून म्हणाली, “मग ऑपरेशन करून फायदा काय, चष्मा तर राहिलाच?” फायदा हा की आत्ता चष्मा लावूनही एसटीची पाटी दिसत नाही, ती दिसेल. आणि पोथी धूसर झाली आहे, ती स्वच्छ होईल. सरांनी हे तिला पुन्हा आपल्या शब्दांत समजावलं, मी सांगितलं त्याहून नीट.

दुपारी 1.45

डबा. बाहेर आशाताई साखरेच्या पट्ट्या मोजत बसल्या आहेत.

दुपारी 2.15

आजचा सगळ्यात अवघड प्रसंग. वडील सत्तरीचे, दहा-बारा वर्षांची साखर. मुलगा पुण्यात कंपनीत, व्हिडिओ कॉलवर. मुलाचं म्हणणं एकच: “पैशाची काळजी करू नका साहेब, सगळ्यात भारी लेन्स टाका. परदेशी. जवळ-लांब सगळं दिसणारी. बाबांनी आयुष्यभर कष्ट केलेत.”

मुलाचं प्रेम खरं आहे. पैसा साठवून ठेवला आहे, तोही मला दिसतो. सरकारी कार्यक्रमातलं साधं भिंग काही शे रुपयांत तयार होतं आणि खासगीत बहुकेंद्री भिंगाचा खर्च एका डोळ्याला काही दहा हजारांत जातो. या दोन आकड्यांकडं बघितलं की मुलाला वाटणारच, स्वस्तातलं बसवलं तर बापाला फसवल्यासारखं होईल. खासगी सल्ल्याच्या खोल्यांत भिंगांचा तक्ता बहुतेक वेळा किमतीच्या चढत्या क्रमानं लावलेला असतो आणि शेवटच्या रकान्याखाली ‘उत्तम’ असं लिहिलेलं असतं. मला तो क्रम पटत नाही. उत्तम कोणासाठी, हे त्या तक्त्यात कुठंच नसतं.

वडिलांना विचारलं, रात्री बाहेर पडता का? ते म्हणाले, “पडावं लागतंय. लाईट रातचीच ऱ्हाती. मोटर चालू करायला जावं लागतंय, बॅटरी घेऊन.”

शेतीची थ्री फेज वीज आठवड्यात काही दिवस रात्रीची असते. गव्हाला, हळदीला पाणी द्यायला शेतकरी मध्यरात्री बांधावरून जातो. समोरून ट्रॅक्टर येतो. पायाखाली काय आहे ते बॅटरीच्या उजेडात बघायचं असतं, आणि काय असू शकतं हे सगळ्यांना माहीत आहे.

बहुकेंद्री भिंग आलेला प्रकाश वाटून टाकतं: काही लांबच्या चित्राला, काही मधल्या, काही जवळच्या. चांगल्या, निरोगी डोळ्याला दिवसा ते झकास चालतं आणि पुष्कळ जण चष्म्यावाचून मोबाईल वाचतात. पण वाटल्यामुळे प्रत्येक चित्राला प्रकाश कमी पडतो, काळ्या-करड्यातला फरक थोडा फिकट होतो आणि रात्री दिव्याभोवती कडी दिसतात. काहींना पुढं त्यांची सवय होते, काहींना होत नाही. अंधारात बांधावर चालणाऱ्या माणसाला काळ्या-करड्यातलाच फरक हवा असतो.

दुसरी गोष्ट त्यांच्या साखरेची. थेंब घालून बाहुली मोठी करून बघितलं, तर मोतीबिंदूच्या आडून पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसले. साखरेनं पडदा धरायला सुरुवात केली आहे. कमजोर पडद्याला वाटलेला प्रकाश देणं बरोबर नाही. इथं एककेंद्री भिंगच हवं. खर्च करायचाच असेल तर तो पडद्याच्या तपासणीवर, साखर आटोक्यात आणण्यावर आणि पाणी न शोषणाऱ्या मऊ भिंगावर करावा. त्याच्या चौकोनी कडेमुळे मागची पिशवी गढूळ होण्याचं प्रमाण कमी राहतं.

हे सगळं मी मुलाला सांगितलं. तो मध्येच म्हणाला, “पण माझ्या मित्राच्या वडिलांना टाकली, त्यांना मस्त दिसतं.” असेलही. विचारलं तर मित्राचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, रात्री घरात, साखर नाही. त्यांना ते भिंग योग्यच होतं. मी फोन वडिलांच्या हातात दिला. तोपर्यंत आम्ही दोघं त्यांच्या डोळ्याबद्दल बोलत होतो आणि ते आमच्याकडं आळीपाळीनं बघत होते.

वडील मुलाला म्हणाले, “बघू. रातच्याला बोलू.”

दुपारी 3.30

दोन वर्षांपूर्वी खासगीत ऑपरेशन झालेले एक काका. “मोतीबिंदू पुन्हा आला, साहेब.” काढलेला मोतीबिंदू पुन्हा येत नाही. भिंग जिच्यात बसवलंय त्या पिशवीची मागची भिंत पांढुरकी होते. लोक म्हणतात, जाळी आली. याग लेझरनं काही मिनिटांत तिच्यात खिडकी करता येते, कापाकापी नाही. यात भिंगाचा दोष असेलच असं नाही.

काकांना विचारलं, भिंगाचं स्टिकर कुठंय? ते बघतच राहिले. प्रत्येक भिंगाच्या डबीत स्टिकरं असतात, त्यावर कंपनी, जात, नंबर आणि अनुक्रमांक छापलेला. त्यातलं एक रुग्णाच्या कार्डावर चिकटवायचं असतं. जमिनीच्या सातबाऱ्याइतकंच ते जपून ठेवायला हवं. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी पहिल्यात काय बसवलं, नंबर नेमका आला की चुकला, हे त्यावरून कळतं आणि दुसऱ्याचं गणित सुधारता येतं. काकांच्या कार्डावर स्टिकर नव्हतं. मागून घ्या, म्हणून सांगितलं. तो आपला हक्क आहे.

दुपारी 4.15

ज्यांचं पक्कं झालं ते गाडीत बसले. एक मामा शेवटच्या क्षणी उतरले, “अजून पिकला न्हाई, पिकू द्या की.” पूर्वी पिकू देत, कारण तेव्हा सबंध मोतीबिंदू एका तुकड्यात काढायचा असे आणि कडक झालेला काढायला सोपा जाई. आता उलटं आहे. फार पिकलेला फोडायला जास्त ताकद लागते आणि बुबुळाला इजा होऊ शकते. शिवाय आतला दाब वाढून डोळा कायमचा जाऊ शकतो. मामा ऐकून पुन्हा गाडीत बसले.

संध्याकाळी 5.30

रुग्णालयात मोजमाप. भिंगाच्या निवडीतला हा टप्पा रुग्णाला दिसत नाही आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. मला विचाराल तर भिंगाच्या कंपनीपेक्षा इथल्या माणसाचा हात महत्त्वाचा.

दोन मापं लागतात. बुबुळाची वक्रता आणि डोळ्याची लांबी. लांबी सरासरी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्यात एक मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीचनं चुकतो. लांबी मोजणाऱ्या ए-स्कॅनची काडी बुबुळावर किंचित जास्त दाबली की डोळा आखूड मोजला जातो, मग भिंग जास्त ताकदीचं बसतं आणि माणूस मायनस नंबर घेऊन घरी जातो. प्रकाशानं मोजणारी यंत्रं डोळ्याला स्पर्शही करत नाहीत आणि ती जास्त नेमकी. पण पांढऱ्याशिप्पट पिकलेल्या मोतीबिंदूतून तो प्रकाश पार जात नाही. पिकू देण्याचा हा आणखी एक तोटा.

रिडलींच्या पहिल्या रुग्णाच्या डोळ्यातही भिंग असंच जास्त ताकदीचं बसलं. त्यांनी भिंगाचा आकार नैसर्गिक भिंगावरून घेतला, पण प्लास्टिक प्रकाशाला नैसर्गिक भिंगापेक्षा जास्त वाकवतं. शस्त्रक्रिया इतिहासात गेली आणि त्या बाईला जबर मायनस नंबरचा चष्मा लागला. तेव्हा मोजायला साधनंच नव्हती. आज आहेत.

सकाळच्या सुईवाल्या आजींच्या बुबुळाचा तिरपा नंबर बराच निघाला. अशा डोळ्याला टोरिक भिंग उपयोगी पडतं. त्यावर खुणा असतात आणि ते ठरलेल्या कोनातच बसावं लागतं. दहा अंश सरकलं तर सुमारे एक तृतीयांश फायदा जातो, तीस अंश सरकलं तर सगळा. मोफतच्या यादीत ते मिळत नाही. आजींना आणि नातवाला दोन्ही वाटा सांगितल्या: टोरिक घेतलं तर लांबचं बहुधा बिनचष्म्याचं, साधं घेतलं तर लांबचं दिसायला एक तिरप्या नंबराचा चष्मा. नजर दोन्हीकडं सारखीच येईल. नातू हिशोब करायला लागला. आजी म्हणाल्या, चष्मा चालंल. त्यांच्या आवाजात कुठलीही तडजोड नव्हती, म्हणून मी तेच लिहिलं.

हळदवाल्या बाईंची मापं तीन-तीनदा घेतली. तिन्ही वेळा जुळली तेव्हा पुढं गेलो. संमतीपत्रावर त्यांनी अंगठा दिला, पण त्याआधी काय बसणार आणि काय दिसेल हे त्यांच्याकडून परत वदवून घेतलं. हे मी सगळ्यांकडून घेतो. सांगितलेलं समजलं की नाही, हे माणूस स्वतः सांगायला लागल्यावरच कळतं.

संध्याकाळी 7

सर्जन मॅडमना फोनवर यादी वाचून दाखवतो. नाव, डोळा, भिंगाचा नंबर, आणि शेवटी तो माझा हातानं लिहिलेला प्रश्न. मॅडम प्रत्येकाचं उत्तर विचारतात. सरांच्या अडीच मायनसवर त्या थांबल्या, “नक्की? नंतर म्हणतील लांबचं का नाही केलं.” उद्या स्वतः बोलते म्हणाल्या. तसंच करावं.

तेवढ्यात पुण्याच्या मुलाचा फोन. तो गुरुवारी येतो आहे, वडिलांना परभणीला पडद्याच्या डॉक्टरांकडं नेणार. पडद्याला सूज असेल तर आधी तिचा इलाज, मग ऑपरेशन. भारी भिंगाचा विषय त्यानं काढला नाही. एवढंच विचारलं, की साध्या भिंगात चांगलं कोणतं. मी सकाळच्या डबीतल्या मऊ भिंगाबद्दल पुन्हा सांगितलं.

मग वडिलांनी फोन घेतला. “ऑपरेशन झाल्यावर किती दिस पाण्याला जायचं न्हाई?”

महिनाभर तरी धूळ, धूर, डोक्यावरून पाणी टाळायचं, ड्रॉप वेळेवर टाकायचे. तोवर रात्रीचं पाणी दुसऱ्या कोणी धरायचं.

“अन् हळद शिजवायला?”

ते तर नकोच.

पलीकडं बाप-लेकाचं थोडं बोलणं झालं. मुलगा सुट्टी किती मिळेल ते मोजत होता.

“बरं,” वडील म्हणाले, “औंदाची हळद हा शिजवंल. माझं नाव लिहा.”

पडद्याचा अहवाल येईपर्यंत नाव पेन्सिलनं लिहिलं. खाली प्रश्नापुढं लिहिलं: लांबचं, रात्रीचं.